काकूंच्या दारापुढची गाडी

पत्र

आमचं गाव लहान आहे. नदीकाठ, जुना दगडी पूल आणि पुलापलीकडची पेठ, एवढंच इथे बघण्यासारखं. नऊ वर्षांपूर्वी मी राहत्या घरातल्या चार खोल्या पाहुण्यांसाठी काढल्या. तीन वर्षांपूर्वी परिषदेने पर्यटनासाठी पहिल्यांदा पैसे ठेवले. पुलाजवळ माहिती केंद्राची टपरी झाली, तिथे एक मुलगी पगारावर बसायला लागली, माहितीपत्रक छापलं गेलं, वर्षातून एकदा तीन दिवसांचा महोत्सव सुरू झाला. माणसं यायला लागली.

आता नव्या अंदाजपत्रकातून हे सगळं काढून टाकायचं चाललंय. परिषदेचे अध्यक्ष भर सभेत म्हणाले, "पाहुण्यांच्या मौजेसाठी रहिवाशांचा पैसा का घालायचा?" पण मला खरं लागलं ते वेगळंच. आमच्या शेजारच्या काकू उठून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "बरोबर आहे. शनिवार-रविवारी माझ्या दारात परक्याची गाडी उभी असते, मला घराबाहेर पडता येत नाही." याच काकू पहिल्या वर्षी पाहुण्यांना पुलापर्यंत वाट दाखवायला स्वतः चालत जायच्या. त्या दिवसापासून मी त्यांच्याशी बोललेले नाही.

अंदाजपत्रकाची सभा दीड महिन्यावर आहे. आम्ही खोल्यावाले आणि दुकानदार मिळून सह्या गोळा करणार आहोत. मजकूर कसा लिहावा आणि परिषदेकडे नेमकं काय मागावं?

उत्तर

ताई,

सह्यांचा मजकूर आज लिहू नका. आधी काकूंकडे जाऊन या.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. तुम्हाला राग अध्यक्षांचा आलाय, पण दुखलंय ते काकूंमुळे, आणि मला वाटतं तुमच्या प्रश्नाचं उत्तरही तिथेच आहे. पर्यटनाचा अभ्यास करणाऱ्या डॉक्सी यांनी १९७५ मध्ये अशा गावांतल्या रहिवाशांच्या मनाचे चार टप्पे मांडले. सुरुवातीला पाहुण्यांचं अप्रूप वाटतं, मग ते अंगवळणी पडतं आणि कुणी लक्ष देत नाही, मग त्रास व्हायला लागतो आणि शेवटी उघड वैर येतं. वाट दाखवायला पुलापर्यंत जाणाऱ्या काकू आणि सभेत उठून बोलणाऱ्या काकू, यांच्यामध्ये तीनच वर्षं गेली आहेत. त्या तिसऱ्या टप्प्यावर आहेत. तुमच्या गावात अशा आणखी किती जणी असतील, ज्या सभेला आल्याच नाहीत?

चौथा टप्पा कसा दिसतो ते ऑस्ट्रियातल्या हॉलश्टाटने बघितलंय. तळ्याकाठचं देखणं गाव, वस्ती आठशेच्या आत, आणि गर्दीच्या दिवशी येणारी माणसं दहा हजारांपर्यंत. बसगाड्यांना आधी वेळ राखून ठेवण्याची सक्ती झाली, तरी पुरेना. २०२३ च्या मे महिन्यात फोटो काढण्याच्या प्रसिद्ध जागेवर लाकडी आडोसा उभारला, तो टीका झाल्यावर काढावा लागला. ऑगस्टमध्ये रहिवासी गावात येणाऱ्या बोगद्यापाशी रस्ता अडवून उभे राहिले. तुमचं गाव त्यापासून फार लांब आहे, हे मला कळतं. पण हॉलश्टाटमध्येही आधी कुणाच्या तरी दारात पहिली गाडी लागलीच असेल.

आता अध्यक्षांचा प्रश्न. तो तुम्हाला टोमणा वाटला. मला तो सरळ प्रश्न वाटतो आणि त्याला सरळ उत्तर द्यायला हवं. बहुतेक ठिकाणी पाणी, कचरा, रस्ते, दिवे ही स्थानिक संस्थेची बंधनकारक कामं असतात. पर्यटन हे ऐच्छिक काम. पैसा कमी पडला की पहिली कात्री ऐच्छिक कामाला लागणार, त्यात कुणाचा दुष्टपणा नाही. शिवाय पैसा कुठून येतो आणि कुठे जातो ते बघा. पाहुणा येतो, तुमच्याकडे राहतो, दुकानात खर्च करतो. तो गेल्यावर मागे राहिलेला कचरा परिषद उचलते, त्याने वापरलेलं पाणी परिषद पुरवते, त्याच्या गाडीने खचलेल्या रस्त्याच्या कडा परिषद भरते. कमाई मोजक्या घरांत आणि खर्च सगळ्या गावावर. काकूंच्या घरात या व्यवहारातला एक पैसाही येत नाही, येते ती फक्त गाडी. "पर्यटनाने गावाचा विकास होतो" हे वाक्य तुम्ही निवेदनात लिहिलंत, तर काकू विचारतील, कुठल्या गावाचा?

मी स्वतः एका लहान गावच्या परिषदेत पर्यटन समितीवर चार वर्षं काम केलंय. आमच्यापुढे एका वर्षी दोन प्रस्ताव आले, आणि पैसे एकालाच पुरतील एवढे होते. एक, वेशीवर मोठी स्वागत कमान. दुसरा, गाडीतळाजवळ चार स्वच्छतागृहं आणि ती धुण्यासाठी दोन वेळचा माणूस. आम्ही कमान केली. हात वर करणाऱ्यांत मी होते. कमानीचं उद्घाटन होतं, फोटो निघतात. स्वच्छतागृह रोज धुवावं लागतं आणि त्याचं कौतुक कुणी करत नाही. पुढच्या सुटीत एक बाई लहान मुलाला कडेवर घेऊन एकेका घराची कडी वाजवत निघाली होती, कुणी आत घेतं का म्हणून. तिसऱ्या घरी दार उघडलं. त्या घरातली गृहिणी मला दुसऱ्या दिवशी रस्त्यात भेटली आणि एवढंच म्हणाली, "रोज चार-पाच येतात हो." मला आजही त्या कमानीखालून जाताना ते आठवतं.

म्हणून परिषदेकडे काय मागावं, याचं माझं उत्तर असं: पाहुण्यांना लागतं आणि रहिवाशांच्याही रोजच्या वापराचं आहे, ते आधी मागा. काकूंना ज्याचा काहीच उपयोग नाही, ते शेवटी मागा किंवा सोडून द्या.

सगळ्यात आधी गाड्या. पेठेत जागा नाही, म्हणजे गाडीतळ गावाबाहेर हवा, तिथून पुलापर्यंत चालायला नीट वाट हवी, वाटेत दिवे आणि एक-दोन बाक हवेत. जागा नवी विकत घ्यायलाच हवी असं नाही. शनिवार-रविवारी रिकामी पडणारी आवारं प्रत्येक गावात असतात, शाळेची, बाजाराची, कचेऱ्यांची. त्यातलं एखादं दोन दिवसांसाठी उघडून द्यायला परिषदेला ठराव आणि एक राखणदार लागेल. पेठेच्या तोंडाशी "पुढे फक्त रहिवाशांची वाहनं" अशी पाटी, आणि गाडीतळाकडे नेणाऱ्या पाट्या बऱ्याच आधीपासून, कारण पेठेत शिरलेला चालक मागे फिरत नाही. मिळेल त्या दारात गाडी लावतो. नकाशाच्या अॅपवर गाडीतळाची जागा बरोबर दिसते का, तेही बघा. हे काम फुकट आहे आणि आज रात्री होईल.

दुसरं स्वच्छतागृह. नवं बांधायला पैसे नसतील तर जर्मनीतल्या आलेन शहरात निघालेली युक्ती सांगते, पुढे तिथल्या अनेक गावांनी ती उचलली. परिषद गावातल्या खानावळी आणि दुकानांशी करार करते: तुमचं स्वच्छतागृह कुणालाही, काही विकत न घेता, वापरू द्या, त्याबदल्यात आम्ही दरमहा ठरावीक रक्कम देऊ. दारावर एक ठळक खूण लावली जाते, म्हणजे विचारताना संकोच वाटत नाही. बांधकाम नाही, जागेचा वाद नाही, आणि सफाई करणारा आधीच तिथे असतो. बाजाराला आलेल्या म्हाताऱ्या माणसांना, गरोदर बायकांना, मधुमेहाच्या रुग्णांना हीच सोय आठवडाभर उपयोगी पडते. तुमच्या गटातल्या दुकानदारांपैकी दोघे-तिघे जरी तयार झाले, तरी सभेत तुमची बाजू वेगळी दिसेल. मागायला आलेली माणसं सोबत काही देऊनही बसली आहेत, असं चित्र सभागृहात सहसा दिसत नाही.

कचऱ्याबद्दल फार बोलायला नको. रविवारी संध्याकाळी एक जादा फेरी. सोमवारी सकाळी नदीकाठ स्वच्छ दिसला की निम्मी नाराजी कमी होते.

टपरीतल्या मुलीसाठी मात्र भांडा. माहितीपत्रक जाऊ द्या, कागदावरचं सगळं आता लोकांच्या हातातल्या फोनवर असतं. पण गाडी कुठे लावायची, पूल कधी बंद असतो, कुठल्या वाटेने गेलं तर कुणाच्या अंगणातून जावं लागत नाही, हे सांगणारं माणूस लागतं. तिच्याकडे आणखी एक काम द्या, मोजण्याचं. त्याबद्दल खाली लिहिते.

महोत्सवाबद्दल माझं मत तुम्हाला आवडणार नाही. तीन दिवसांत वर्षाची गर्दी गोळा करणारा आणि चौथ्या दिवशी मांडव उतरवून निघून जाणारा महोत्सव हा लहान गावासाठी महागडा प्रकार आहे. तुमच्या चार खोल्या त्या तीन दिवसांत भरल्या, ठीक. पण त्या चारच आहेत. बाकीची माणसं सकाळी येऊन संध्याकाळी परतली असणार, म्हणजे गाड्या आणि कचरा पुरा, कमाई थोडी. गावाला फायदा मुक्कामी पाहुण्याचा होतो, त्यातही आठवड्याच्या मधल्या दिवसांत आणि सुट्यांच्या हंगामाबाहेर आलेल्याचा. महोत्सव टिकतो तो त्याच्यामागे वर्षभर उघडं असलेलं काही असेल तर. स्कॉटलंडमधलं विगटाउन हे जेमतेम हजार वस्तीचं गाव. तिथली दुधाची डेअरी आणि मद्याची भट्टी बंद पडली आणि गाव खंगत गेलं. १९९८ मध्ये त्याची स्कॉटलंडचं राष्ट्रीय पुस्तकगाव म्हणून निवड झाली. पुस्तकांची दुकानं उघडली, आणि पुस्तकमहोत्सव त्यानंतर, १९९९ पासून सुरू झाला. दुकानं आधी, उत्सव नंतर. तुमच्या पेठेत वर्षभर काय उघडं असतं, हा प्रश्न तुमच्या गटाने स्वतःला विचारायला हवा. या वर्षी अध्यक्षांनी महोत्सवाचे पैसे काढले, तर तेवढ्यावर अडून बसू नका.

आता पैशांचं. इथे तुम्हाला मन मोठं करावं लागेल. सभेत उभं राहून स्वतःच म्हणा: आमच्याकडे मुक्काम करणाऱ्या प्रत्येक पाहुण्यामागे, प्रत्येक रात्रीसाठी, एक लहान रक्कम आम्ही परिषदेला देतो. हे नवीन नाही. फ्रान्समध्ये असा मुक्काम-कर १९१० च्या कायद्याने आला. तो लावायचा की नाही हे तिथली गावं ठरवतात, आणि आलेला पैसा पर्यटनाशी निगडित कामांवरच खर्च करावा लागतो. स्पेनच्या बालेआरिक बेटांनी २०१६ मध्ये याच धर्तीचा कर आणला. तुमच्या परिषदेला असा कर लावण्याचा अधिकार आहे का, हे तिथल्या कायद्यावर अवलंबून राहील. नसेल तर खोल्यावाल्यांनी आपसांत ठरवून, पावतीवर वेगळी ओळ दाखवून, स्वेच्छेने द्यावा. रक्कम किती हे महत्त्वाचं नाही. "रहिवाशांचा पैसा का?" या प्रश्नाला त्यामुळे खरं उत्तर मिळतं, ते महत्त्वाचं.

अट मात्र एकच आणि ती ठरावात लिहून घ्या: हा पैसा वेगळ्या खात्यात राहील आणि वर्षातून दोनदा त्याचा हिशेब सगळ्यांना दिसेल अशा फलकावर लागेल. सर्वसाधारण निधीत गेलेला थेंब पुन्हा सापडत नाही. इटलीतल्या चिविता दि बान्योरेज्योचं उदाहरण मला म्हणूनच आवडतं. ढासळत चाललेल्या खडकाच्या माथ्यावरची वस्ती, वर कायमचे राहणारे दहा-बारा जण. २०१३ पासून पुलावरून वर जाणाऱ्या पाहुण्याकडून दीड युरो घ्यायला सुरुवात झाली, पुढे ते तिकीट पाच युरोपर्यंत गेलं. त्या उत्पन्नातून पुलाअलीकडच्या बान्योरेज्यो गावातल्या लोकांचे स्थानिक कर माफ झाले. पाहुणे आले म्हणून माझ्या घराचा कर गेला, हे ज्याला स्वतःच्या पावतीवर दिसतं, त्याला पर्यटनाचं महत्त्व वेगळं पटवावं लागत नाही. तुमच्याकडे एवढं उत्पन्न होणार नाही. पण "पेठेतले हे सहा दिवे पाहुण्यांच्या पैशातून लागले" अशी एक ओळ फलकावर आली, तरी काकू ती वाचतील. चिवितात माणसं इतकी वाढली की वर्षाला लाखोंच्या घरात गेली, हेही सांगायला हवं. तिकीट लावलं की गर्दी आपोआप आटोक्यात येते असं समजू नका.

आणि आकडे. तुमच्या पत्रात "माणसं यायला लागली" एवढंच आहे. किती? मुक्कामी किती आणि दिवसापुरती किती? कुठल्या महिन्यात? हे माहीत नसताना परिषदेने पैसे द्यावेत अशी अपेक्षा मी तरी सदस्य म्हणून पुरी केली नसती. सभेला दीड महिना आहे, म्हणजे सहा शनिवार-रविवार. टपरीतल्या मुलीने दर तासाला पुलावरून जाणाऱ्यांची मोजणी करावी. तुमच्यापैकी दोघांनी पेठेत आणि बाहेर लागलेल्या गाड्या सकाळी, दुपारी, संध्याकाळी मोजाव्यात. सगळ्या खोल्यावाल्यांनी गेल्या तीन वर्षांच्या नोंदवह्या काढून महिन्यागणिक भरलेल्या रात्री लिहाव्यात, नावं नकोत, फक्त संख्या. दुकानदारांनी गावातल्या किती माणसांना काम दिलंय ते लिहावं, आणि तेही खरं लिहावं. हे सगळं दोन पानांत बसतं. त्यात गैरसोयीचे आकडेही राहू द्या. पेठेत एका दुपारी तीस गाड्या लागल्या असतील तर तो आकडा तुम्हीच आधी सांगा. तो लपवलेला आणि मग काकूंनी सांगितलेला, तर तुमच्या बाकीच्या आकड्यांवर कुणी विश्वास ठेवणार नाही.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, तरी सांगते. गाव पाहुण्यांना आवडायला लागलं की भाड्याने दिलेली घरं रिकामी करून घेऊन त्यांच्या खोल्या काढायचा मोह होतो. भाडेकरू जातात, मग शाळेतली पटसंख्या, मग हंगामाबाहेर अंधारी पेठ. राहत्या घरात चार खोल्या काढणं वेगळं आणि अख्खं घर पाहुण्यांसाठी बंद ठेवणं वेगळं. परिषदेने आताच नोंदणी सुरू करावी आणि या दोन्हींत फरक करावा, असं तुमच्याच गटाने सुचवलं तर बरं. तुमच्यातल्या एक-दोघांना ते रुचणार नाही, पण बोलून घ्या.

आता काकू. सुटीचा दिवस टाळून जा, मधल्या वारी दुपारी, एकट्या. कागद नेऊ नका, सह्यांचा तर नाहीच. तुम्ही बोलणं टाकलंत हे आधी तुम्हीच बोलून दाखवा. मग विचारा, गाडी कुठे लागते, किती वाजता, शेवटचं तुम्हाला बाहेर पडायचं होतं तेव्हा काय झालं. कदाचित दवाखान्यात जायचं राहिलं असेल. कदाचित त्यांनी त्या चालकाला विनंती केली असेल आणि तो उद्धटपणे बोलला असेल. मध्ये "पण" घालू नका. पर्यटनाचे फायदे सांगू नका, त्यांनी ते तुमच्या घराच्या नव्या रंगावरून ओळखले आहेत. सभेत तुमच्या बाजूने बोला असंही म्हणू नका. त्यांना स्वतःहून वाटलं तर त्या बोलतील आणि नाही बोलल्या तरी तुमचं मागणं त्यांच्या सांगण्यावरून ठरलेलं असेल. त्यांनी सांगितलेलं घरी येऊन जसंच्या तसं लिहून काढा. तुमच्या निवेदनाचं पहिलं कलम तेच.

आणि जाण्यापूर्वी एवढं करून जा: या शनिवारी तुमच्या चारही खोल्यांचे पाहुणे येतील, त्यांच्या गाड्या कुठे लागणार हे आजच ठरवा, आणि त्यांना येण्याआधी फोन करून सांगा.